ओटीपी चाकणला जातो

तुमचा प्रश्न असा आहे की इंटरनेटमुळे तंत्रज्ञान, धंदा, आरोग्य आणि समाज नेमका कसा बदलतोय, आणि पुस्तकी नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. पाहिलेलं सांगायला हरकत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन, बाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर येऊन बसणाऱ्या माणसांपुरतंच मी बोलतोय.

आधी सातबारा. पूर्वी उतारा हवा असला की तलाठी भाऊसाहेबांना गाठायचं. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच बसलंय.) भेटले तर भेटले, नाहीतर ‘मीटिंगला गेलेत’. तीन हेलपाटे म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडाला. 2018 मध्ये डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. 15 रुपये भरा, दोन मिनिटांत प्रिंट हातात, सही-शिक्क्यासाठी कुणाच्या मागे लागायला नको. या बदलाला नावं ठेवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

पण तो उतारा काढायला शेतकरी येतो कुठे? माझ्याकडे. मोबाईल त्याच्याही खिशात असतो. 2016 ला जिओ आल्यापासून नेट त्याला महाग नाही. लासलगावला कांदा काय भावाने गेला ते त्याला घरबसल्या कळतं आणि त्यावर तो ट्रॅक्टर भरायचा की माल कांदाचाळीतच राहू द्यायचा ते ठरवतो. मात्र लॉगिन, पासवर्ड, पीडीएफ म्हटलं की गाडी अडते. भाऊसाहेबांकडचा हेलपाटा गेला, माझ्याकडचा आला. माझं घर त्यावरच चालतं, तेव्हा मी फार तक्रार करणंही बरं नाही.

शिकलेली पोरं याला अडाणीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. खरी गोची मोबाईल नंबरची आहे. आधार काढायचे कॅम्प लागले तेव्हा बायाबापड्यांनी हाताशी असेल तो नंबर दिला. कुणी दिराचा, कुणी शेजाऱ्याचा, कुणाचा तर कार्डच बंद पडून नंबर भलत्याच माणसाकडे गेलेला. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की पुढे पेन्शन, रेशन, बँक, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलं जाणार आहे?

परवा एक आजी आल्या होत्या. काम पाच मिनिटांचं. नंबर लिंक होता मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत, आणि कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. ओटीपी काही मिनिटांत मरतो आणि शिफ्ट आठ तासांची. आजींनी बाकड्यावरच भाकरी सोडली, मलाही चतकोर दिली. साडेतीनला मुलाचा फोन लागला. तो म्हणाला, ‘दादा, पाठवा आता.’ मी बटण दाबलं, तर सर्व्हर डाऊन. आजींनी शांतपणे विचारलं, ‘मग उद्या येऊ का?’

ओटीपी नसेल तर अंगठा. तोही सगळ्यांचा लागत नाही. ज्यांनी जन्मभर कांदे कापले, विटा उचलल्या, द्राक्षबागेत औषधं हाताळली त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार घासून गेलेल्या असतात. माझ्याकडे त्यासाठी ओलं फडकं आणि व्हॅसलीनची डबी कायम ठेवलेली असते. काही जण अंगठा केसांवरून फिरवून मग मशीनवर टेकवतात, आणि गंमत म्हणजे कधीकधी लागतोही. हयातीच्या दाखल्याला आता चेहराही चालतो. त्यात मोतीबिंदूवाल्या माणसाला स्क्रीन सांगते, डोळ्यांची उघडझाप करा.

लाडकी बहीण योजनेत हा नंबरचा खेळ पुरता उघडा पडला. 2024 च्या जुलैत अर्ज सुरू झाले. दिवसा साइट हलायची नाही, म्हणून आम्ही रात्री एक-दोन वाजेपर्यंत बसायचो. बऱ्याच बायकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आपलं खातं आधारला जोडलेलंच नाही. मग 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली: आधी स्वतःचा ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. ज्यांचे दोघंही वारलेत त्यांनी कुणाचा द्यायचा? त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली, पण तोवर अशा किती जणी माझ्या बाकड्यावर नुसत्या बसून गेल्या. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर विधवा बाई आलीच नव्हती, एवढंच मी म्हणेन.

शेतातही तेच. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि आपला पेरा आपणच नोंदवायचा. कल्पना मला अजूनही चांगली वाटते. पण 2023 ला कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर झालं आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी म्हणाले, तेव्हा गोंधळ उडाला. कांदा विकलेला, बाजार समितीची पट्टी हातात, आणि नोंद नाही, कारण त्या वेळी शेतात रेंजच नव्हती. पुढे त्या अटीत सवलत द्यावी लागली.

आरोग्याचं विचाराल तर मला मे 2021 आठवतो. 18 ते 44 वयोगटाला लस हवी तर कोविन या सरकारी साइटवर नोंदणी करूनच यायचं होतं. स्लॉट उघडायचे आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायचे. आमच्याकडच्या केंद्रावर सकाळी शहरातल्या गाड्या लागलेल्या, आणि गावची पोरं कंपाउंडबाहेर उभी. मीही तिघा-चौघांसाठी प्रयत्न केला, एकालाच मिळाला. आता लॅबवाले रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि लोक प्रिंट काढायला माझ्याकडे येतात. प्रिंट निघत असतानाच विचारतात, ‘हे ठळक छापलंय ते वाईट का?’ सुरुवातीला मी गूगल करून सांगायचो. एकदा एका काकांना उगाच घाबरवून सोडलं, ते रात्रभर झोपले नाहीत. तेव्हापासून कागद पालथा करून देतो आणि डॉक्टरांना दाखवा म्हणतो.

धंद्याबद्दल सगळे बोलतातच, म्हणून थोडक्यात. यूपीआयवर दुकानदाराला जानेवारी 2020 पासून कमिशन पडत नाही, त्यामुळे पाच रुपयांच्या झेरॉक्सलाही माझ्याकडे स्कॅन चालतं. सुट्ट्यांची कटकट आणि सुट्टे नाहीत म्हणून हातावर टेकवायची चॉकलेटं, दोन्ही गेली. उधारी मात्र तशीच आहे. ‘नेट चालत नाही, संध्याकाळी पाठवतो’ हे तिचं नवीन रूप.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. फॉर्म भरायला ज्या फोनची भीती वाटते, त्याच फोनवर आलेल्या फाईलवर आणि मेसेजवर मात्र डोळे झाकून विश्वास. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, मंगळवेढ्याकडचे. मागे होत्या व्हॉट्सॲपवरच्या अफवा. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. हल्ली पीएम किसानच्या किंवा गाडीच्या चलानच्या नावाने एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, येते. उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो. माझ्या एका गिऱ्हाइकाचे कांद्याचे आलेले पैसे असेच गेले. तो आधी माझ्याकडे आला आणि तासाभराने आम्ही 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तोच फोन त्याने घरून लगेच लावला असता तर कदाचित काही अडवता आलं असतं.

शेवटी माझ्याच पापाची गोष्ट. कितीतरी वर्षं माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. गिऱ्हाइकांचे लॉगिन, पासवर्ड, कुठला नंबर कशाला लिंक आहे, सगळं त्यात, कारण त्यांच्या लक्षात राहत नाही आणि प्रत्येक वेळी नव्याने काढायचं म्हणजे परत ओटीपी, परत चाकण. एकदा रात्री दुकान बंद करताना ती वही बाहेर बाकड्यावर पडलेली दिसली. अर्ध्या तालुक्याची किल्ली, शेजारी चहाचा रिकामा कप. दुसऱ्या दिवशी बंबात घातली. आता पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याला देतो. ती चिठ्ठी चंचीत जाते नाहीतर ब्लाऊजमधल्या पाकिटात, आणि पावसाळ्यात भिजून, शाई पसरून परत माझ्याकडेच येते. ‘बघ रे दादा, यात काय लिहिलं होतंस.’