रोज साडेनऊला कॉल, मग अरबी कधी बोलणार?

प्रश्न : माझी मुलगी बारावी आर्ट्‌सला आहे. अकरावीत ८१ टक्के होते. तिला अरबी शिकायची आहे. परीक्षेनंतर सहा महिने जॉर्डनमध्ये, अम्मानला एका स्थानिक कुटुंबात ठेवून तिची भाषा पक्की करून घ्यावी, असा विचार आहे. पुढे दुबईत नोकरी किंवा परराष्ट्र सेवा. आमच्या अटी : रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा व्हिडिओ कॉल, शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, सातनंतर एकटीने बाहेर जायचं नाही आणि दर आठवड्याला त्या कुटुंबाशी मी स्वतः बोलणार. नातेवाईक म्हणतात, जर्मन सोडून ही कसली भाषा? तिला यातलं फारसं कळत नाही, म्हणून मी लिहितोय.
– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : नमस्कार. तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकले. परक्या देशात, परक्या घरात मुलीला सहा महिने एकटीने राहायला पाठवायची तुमची तयारी आहे आणि तिला स्वतःच्या शिक्षणाबद्दल चार ओळी लिहिण्याइतकंही कळत नाही, असं तुम्हीच म्हणता. यातलं एकच काहीतरी खरं असणार. कळत असेल, तर हे पत्र तिच्या हातचं हवं होतं. कळत नसेल, तर तिला पाठवू नका.

आता त्या कॉलचं बघू. अम्मानचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे असतं. तुमचे साडेनऊ म्हणजे तिथले सात. घरातली कामावर गेलेली माणसं परतलेली असतात, मुलं अभ्यासाच्या वह्या घेऊन बसलेली असतात, शेजारचं कोणीतरी डोकावतं, चहा येतो, टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. पहिले काही आठवडे तुमच्या मुलीला यातलं काहीच कळणार नाही. मग अर्धं वाक्य पकडता येईल. एके दिवशी ती तोंड उघडेल, क्रियापद चुकेल, घरातलं लहान मूल हसेल आणि आजी तिला बरोबर वाक्य म्हणून दाखवेल. या तासासाठीच तर कुटुंबात राहायचं असतं. नाहीतर हॉस्टेलची खोली काय वाईट? आणि तुम्ही तिला नेमक्या त्याच तासाला दार लावून मराठीत बोलायला बसवणार आहात. त्या मुक्कामात रमजान आला, तर सूर्यास्तानंतर इफ्तारला अख्खं घर एकत्र बसलेलं असेल आणि ती आत फोनवर असेल.

कॉल जरूर करा. आठवड्यातून दोनदा, आपल्या संध्याकाळी साडेसहाला. तिथे तेव्हा चार वाजलेले असतात.

दर आठवड्याला कुटुंबाशी बोलण्याची अट मात्र सोडाच. त्यामागची काळजी मला समजते. मुलगी दूर जाणार या विचाराने झोप उडते, हे अनेक आई-वडिलांच्या बाबतीत मी पाहिलंय. पण तुम्ही वरचेवर चौकशी करायला लागलात, की ते लोक तिला शिकायला आलेली मुलगी म्हणून वागवणार नाहीत. सांभाळायला दिलेली ठेव म्हणून जपतील. मग तिला भाजी आणायला कोण पाठवणार? सातच्या नियमाचंही तेच. त्या घरातल्या मुलींना जो नियम असेल, तोच तिला असू द्या. अम्मानमध्ये कधी आणि कुठे जावं, हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं.

जेवणाचं सांगते. शाकाहार तिथे अवघड नाही. हम्मूस, फलाफल, जातर घातलेली रोटी, डाळ-तांदळाची मुजद्दरा हे रोजचे पदार्थ आहेत. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं, की झालं. पण वेगळी भांडी मागू नका. मटणाचा मन्साफ हा तिथे पाहुण्यांचा मान समजला जातो आणि तो त्याच ओट्यावर शिजणार. हे तिला चालणार नसेल, तर तिने हॉस्टेल निवडावं. हा निर्णय तिचा आहे. तुमच्या पत्रात तिचं यावरचं मत कुठेच नाही.

आता एक मोठा गैरसमज. तुम्हाला वाटतंय, कुटुंबात राहिली की भाषा आपोआप पक्की होईल. अरबीत हे फार फसवं आहे. वर्गात, वर्तमानपत्रात, बातम्यांत असते ती फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी. घरात ती कोणीच बोलत नाही. अम्मानच्या घरात शामी, म्हणजे सीरिया-लेबनॉनकडच्या वळणाची बोली ऐकू येते, कैरोत मिस्री, मोरोक्कोत दारिजा, दुबईकडे खलीजी. ‘आत्ता’ एवढा एक शब्द घ्या : पुस्तकात ‘अल-आन’, अम्मानच्या घरात ‘हल्लअ’, मोरोक्कोत ‘दाबा’. लिपीही न शिकता गेलेली मुलगी सकाळी एक भाषा आणि संध्याकाळी दुसरी ऐकते आणि दोन्हींत चाचपडत राहते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तासिका धरते. सहा महिन्यांत पाया चांगला होईल, भाषा ‘पक्की’ होणार नाही. फुस्हाची बैठक आधी असेल, तर मात्र त्याच सहा महिन्यांत घरातली बोली तिच्या तोंडी बसू लागेल.

दुबईच्या कचेऱ्यांत बराचसा कारभार इंग्रजीत चालतो. नुसत्या अरबीवर तिथे फार काही मिळत नाही. अरबीला कायदा, वाणिज्य, पत्रकारिता किंवा रुग्णालयातल्या दुभाष्याच्या कामाची जोड लागते. परराष्ट्र सेवेसाठी पदवी आणि मग यूपीएससी, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या परीक्षेत अरबी साहित्य आता वैकल्पिक विषय नाही आणि परदेशी भाषा अधिकाऱ्यांना निवडीनंतर दिली जाते. पदवीला अरबी घ्यायची, तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून दिल्लीचं जेएनयू, किंवा पुण्यातच कॅम्पातलं पूना कॉलेज.

नातेवाईकांबद्दल एवढंच, की अरबी ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि फी नातेवाईक भरणार नाहीत.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : यंदा पाठवू नका. इथे पदवीला प्रवेश घेऊ दे. वर्षभर लिपी आणि फुस्हाचं व्याकरण होऊ दे. येमेन, इराक, सुदानमधली मुलं वर्षानुवर्षं पुण्यात शिकायला येतात. त्यांतल्या एखाद्या मुलीशी आठवड्यातून दोन तास बोलायची सोय ती स्वतः शोधेल, आणि तिनेच शोधावी. मग पुढच्या उन्हाळ्यात जाऊ दे.

तोवर अम्मानच्या संस्थांना ई-मेल तिच्याच पत्त्यावरून, तिच्याच शब्दांत जाऊ देत. तिने विचारावं, की घरात कोण कोण असतं? खोलीला आतून कडी आहे का? त्याच घरात दुसरा इंग्रजी बोलणारा विद्यार्थी ठेवता का? (ठेवत असतील तर घर बदलून मागावं, दोघं मिळून दिवसभर इंग्रजीच बोलत बसतील.) कुटुंबाशी जमलं नाही, तर दुसरं घर किती दिवसांत देता? रात्री अडचण आली, तर फोन कोणाला करायचा? अम्मानमध्ये बहुतेक भागांत नळाला पाणी आठवड्यातून एखादाच दिवस येतं आणि गच्चीवरच्या टाकीवर घर चालतं, तेव्हा आंघोळ आणि कपडे धुण्याचा त्या घरचा नियमही तिने आधीच विचारून घ्यावा.

तुमचं कामही सांगते. जाण्याआधी भारत सरकारच्या सूचना आणि त्या भागातली परिस्थिती बघा, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तिची नोंदणी झाली आहे ना याची खात्री करा, अम्मानमधल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.