क्रीडा संघटनेने वार्षिक सभेत बहुमताने ठरवलेला पोशाखाचा नियम खेळाडूंवर बंधनकारक असतो का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या शहरातील बॅडमिंटन संघटनेने मुलींच्या पोशाखाचा नियम वार्षिक सर्वसाधारण सभेत हात वर करून मंजूर केला आणि ज्या मुलींना तो पाळायचा आहे, त्यांच्यापैकी एकीलाही सभेत मत नव्हते. कागदोपत्री पाहिले तर असा नियम बहुधा बंधनकारक ठरतो, कारण स्पर्धेच्या प्रवेशिकेवर सही करताना खेळाडू किंवा तिचे पालक संघटनेचे नियम मान्य असल्याचे लिहून देतात. परंतु बंधनकारक असणे आणि योग्य असणे यांत पुष्कळ अंतर आहे. हे अंतर मी आमच्या जिल्ह्याच्या संघटनेत सभासद म्हणून फार जवळून पाहिले असल्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

२०११ साली जागतिक बॅडमिंटन महासंघाने वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांनी स्कर्ट किंवा ड्रेस घालणे सक्तीचे करण्याचे ठरवले. खेळ दिसायला अधिक आकर्षक व्हावा, प्रेक्षक आणि प्रायोजक वाढावेत, असे त्याचे उघड कारण दिले गेले. १ मे २०११ पासून लागू व्हायचा तो नियम जगभरातून टीका झाल्यावर आधी महिनाभर पुढे ढकलला गेला, मग स्थगित झाला आणि मे २०१२ मध्ये त्याचा नाद कायमचा सोडून देण्यात आला. म्हणजे ज्यांनी तो काढला त्यांनाही तो एक दिवस नीट राबवता आला नाही. आमच्या जिल्ह्यात मात्र तो लागू झाला.

झाले असे की वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत या नियमाचा उल्लेखच नव्हता. सुरुवातीला गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, न झाल्याने सभा तहकूब केली गेली आणि अर्ध्या तासाने त्याच हॉलमध्ये, गणपूर्तीची अट नसलेली सभा सुरू झाली. मागील इतिवृत्त कायम झाले, जमाखर्च मंजूर झाला, आणि चहा-बटाटेवडे येण्याच्या सुमारास ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमाखाली सचिवांनी एक टंकलिखित कागद वाचून दाखवला: जिल्हा निवड चाचणीत मुलींना स्कर्ट सक्तीचा, कारण आंतरराष्ट्रीय महासंघाचा तसा आदेश आहे. तो आदेश जिल्हा पातळीसाठी नाही आणि मुळात अजून लागूही झालेला नाही, हे मी उभी राहून सांगितले आणि मतदान गुप्त पद्धतीने घ्यावे अशी मागणी केली. त्यावर सचिव हसून म्हणाले, “मॅडम, हा घरचा विषय आहे. घरात कुठे मतपेटी ठेवतात का?”

हात वर झाले. मोजणी अध्यक्षांनी स्वतःचा हात वर ठेवूनच केली. वर गेलेल्या हातांपैकी बरेचसे आजीव सभासदांचे होते. हॉल बांधताना देणगी देऊन सभासद झालेली आणि आता संध्याकाळी पत्त्यांच्या खोलीत बसणारी ही मंडळी होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी अनेक वर्षांत रॅकेट हातात धरलेली नव्हती. माणसे म्हणून ती वाईट नव्हती. केवळ ठरावाचा त्यांच्या अंगावरच्या कपड्यांशी काही संबंध नव्हता, आणि ज्यांचा संबंध होता त्या मुली अठरा वर्षांच्या आतल्या असल्यामुळे सभासद होऊच शकत नव्हत्या. त्यांच्या पालकांना सभेला बोलावण्याची पद्धत नव्हती.

पुढच्याच निवड चाचणीत तालुक्याहून आलेली एक मुलगी नेहमीच्या ट्रॅक पँटमध्ये कोर्टवर उतरली. पंचांनी तिला थांबवले. कुणीतरी तिला आपला स्कर्ट दिला, तो तिने ट्रॅक पँटवरच चढवला. महासंघाच्या मूळ नियमातही आत पँट घालायला मुभा होती, पण आमच्या ठरावात ते वाक्य गाळले गेले होते. पंच नाही म्हणाले. तिच्या वडिलांनी पिशवी उचलली, आणि गुणपत्रकावर तिच्या नावापुढे ‘वॉकओव्हर’ असे लिहिले गेले, जणू काही ती आलीच नव्हती. २०१२ मध्ये महासंघाने आपला नियम रद्द केल्यावर मी ते सचिवांच्या निदर्शनास आणून दिले, तेव्हा त्यांचे उत्तर होते की आपला ठराव आपल्या सभेने केला आहे आणि बहुमत म्हणजे बहुमत.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे, की ज्यांना तो पोशाख कधीच घालायचा नाही त्यांच्या बहुमताला पोशाखाच्या बाबतीत काडीची किंमत देऊ नये. हा दोष केवळ जिल्हा पातळीवरचा नाही. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी तोकडी पँट घालून सामना खेळला म्हणून त्यांना एकूण १५०० युरोंचा दंड झाला, आणि त्याच खेळात पुरुष मात्र शॉर्ट्समध्ये खेळत होते. एवढी नाचक्की झाल्यावर आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने त्याच वर्षी नियम बदलला. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या रंगाचा हट्ट धरणाऱ्या खाजगी क्लबनेही २०२३ पासून महिला खेळाडूंना स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालण्याची परवानगी दिली, कारण मासिक पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांची धास्ती काय असते हे खेळाडूंनी उघडपणे सांगितले. आपल्याकडे २०१४ मध्ये धोतर नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना चेन्नईतील तामिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तिथल्या सरकारने अशी अडवणूक रोखणारा थेट कायदाच केला. तो कायदा तामिळनाडूपुरता आहे, त्यामुळे तुम्हाला त्याचा आधार घेता येणार नाही. आणि खरे सांगायचे तर, न्यायाधीश अडवले गेले म्हणून विधानसभा हलली. तालुक्यातील मुलगी अडवली गेली तर कुणी हलत नाही.

मत कोणाला, हा प्रश्न क्रिकेटमध्ये तरी गाजला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळात एका राज्याला एकच मत ही, मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्वीकारली आणि २०१८ मध्ये मागे घेतली, म्हणून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटनांची मते शाबूत राहिली. वर्तमानपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. मला मात्र त्याच सुधारणांतील दुसरी तरतूद अधिक मोलाची वाटते. तिच्यामुळे २०१९ मध्ये अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी हे खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून मंडळाच्या शिखर परिषदेवर, म्हणजे त्याचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, गेले. जिल्हा संघटनेला अशी एक खुर्ची ठेवायला कोणी अडवलेले नाही.

आता तुम्ही काय करावे. तो नियम संघटनेच्या घटनेत घातला आहे, उपनियमांत आहे की नुसता स्पर्धेच्या माहितीपत्रकात छापला आहे, हे प्रथम पाहा. माहितीपत्रकातला असेल तर कार्यकारिणीच्या एका ठरावाने तो निघू शकतो आणि सभेची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यानंतर सभेची नोटीस आणि विषयपत्रिका मागून घ्या. असा विषय ऐनवेळच्या विषयांत घुसवलेला असेल तर लेखी हरकत नोंदवा. मतदार यादीही तपासा: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही, आणि आमच्याकडे ही यादी कोणी तपासली असती तर साधारण सभासदांचे कितीतरी हात खाली आले असते. (आजीव सभासदांना वर्गणी नसते, त्यामुळे ते सुटतात.) अठरा वर्षे पूर्ण झालेल्या खेळाडूंना आणि लहान खेळाडूंच्या पालकांना पुढच्या सभेआधी सभासद करून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे एवढ्यासाठी धाव घेऊ नका. तिथे संस्थेतील बदल नोंदवण्यासाठीच्या अर्जांवरील वाद वर्षानुवर्षे चालतात आणि मुलींचे खेळण्याचे वय तेवढ्यात निघून जाते.

पोशाखाचे सगळेच नियम मूर्खपणाचे असतात, असे मात्र माझे म्हणणे नाही. लाकडी कोर्टवर डाग न पाडणारे बूट हवेत, दुहेरीत जोडीदारांचे रंग जुळावेत, पाठीवर नाव असावे, हे नियम खेळासाठी आहेत आणि त्यांवर कोणी भांडत बसू नये. तुमच्या संघटनेची घटना मी वाचलेली नाही, त्यामुळे वर लिहिलेले तिच्याशी ताडून पाहा. आणि सभेत कोणी हा घरचा विषय आहे असे म्हणालेच, तर ते वाक्य बोलणाऱ्याच्या नावासह इतिवृत्तात नोंदवण्याची मागणी करा. आमच्या सचिवांनी ते नोंदवू दिले नव्हते.