श्रीलंका समजून घ्यायची असेल, तर पाण्यापासून सुरुवात करावी

आपण विचारले आहे, की श्रीलंका इतकी जवळ असूनही रामायण, क्रिकेट आणि यादवी युद्ध यांपलीकडे आपल्याला तिच्याविषयी फारसे ठाऊक नसते, तर तिचा इतिहास, भूगोल आणि लोक यांची एकत्र ओळख कुणी करून देईल का. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली असल्याने या देशाकडे पाण्याच्या बाजूने पाहत आलो आहे आणि माझ्या मते तीच वाट सरळ आहे. कारण राजधान्या कुठे वसल्या, तिथून का हलल्या, कोणता समाज कुठे राहतो आणि जमिनीवरून वैर का वाढले, हे सारे पाऊस कुठे पडतो याच्याशी जोडलेले आहे.

बेटाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडेसे अधिक. दक्षिण-मध्य भागात डोंगर असून पिदुरुतलागल हे सर्वोच्च शिखर २,५२४ मीटर उंच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे या डोंगरांवर आणि कोलंबो, गॉल, रत्नपुरा या पट्ट्यात भरपूर पाऊस देतात. मात्र उत्तर आणि पूर्वेकडचा, आकाराने कितीतरी मोठा प्रदेश मुख्यतः हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या पावसावर जगतो आणि वर्षाचे उरलेले महिने तिथे कोरडे जातात. याला तिथे 'कोरडा प्रदेश' म्हणतात. वर्षाकाठी हजार-दीड हजार मिलिमीटरचा आकडा मराठवाड्यातील शेतकऱ्याला मोठा वाटेल, परंतु भातशेतीसाठी ते पाणी साठवून ठेवल्याशिवाय निभाव लागत नाही.

नवल असे, की बेटावरील सर्वांत प्राचीन राज्य याच कोरड्या प्रदेशात, अनुराधपुरात उभे राहिले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात देवानांपिय तिस्स राजाच्या काळी अशोकाचा पुत्र महिंद याने इथे बौद्ध धर्म आणला आणि अशोकाची कन्या संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी आणली, असे 'महावंस' हा पाली ग्रंथ सांगतो. तो वृक्ष आजही तिथे पूजिला जातो. या राज्याचा खरा आधार होता तलाव. वरच्या गावच्या तलावाचा सांडवा आणि शेतातून निथळलेले पाणी खालच्या गावच्या तलावात जाईल अशा साखळ्याच त्यांनी रचल्या. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना लगेच उमगेल. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव हा प्रचंड तलाव बांधला आणि तिथून अनुराधपुरापर्यंत सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा पाट गेला, ज्याचा सुरुवातीच्या टप्प्यातील उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. मोठ्या तलावांच्या भरावात पाण्याच्या बाजूला दगड-विटांची चौकोनी विहीर बांधलेली असे. तलावातले पाणी तिच्यात घेऊन त्याचा जोर मोडायचा आणि मग भरावाखालच्या दगडी मोऱ्यांतून ते बेताने शेताकडे सोडायचे, अशी योजना होती. तिला तिथे 'बिसोकोटुव' म्हणतात. ज्याने भर पावसाळ्यात मातीच्या धरणाची मोरी राखली आहे, त्याला या विहिरीचे मोल सांगावे लागत नाही.

चोळांनी अनुराधपूर जिंकल्यावर राजधानी पोलोन्नरुव येथे गेली. तिथे बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने, पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्राला मिळू नये, अशी आपली राजनीती ठरवली. १२१५ मध्ये कलिंगाहून आलेल्या माघ नावाच्या आक्रमकाच्या स्वारीनंतर मात्र ही व्यवस्था ढासळत गेली, पुढे मलेरियाही पसरला आणि सिंहली राजसत्ता हळूहळू ओल्या नैर्ऋत्येकडे सरकली. उत्तरेत जाफन्याचे तमिळ राज्य उभे राहिले. दोन समाजांच्या मध्ये जंगलाने गिळलेल्या तलावांचा विरळ वस्तीचा पट्टा उरला.

पोर्तुगीज १५०५ मध्ये, त्यांच्यामागून डच आणि १७९६ मध्ये इंग्रज आले. डोंगरातले कँडीचे राज्य १८१५ पर्यंत टिकले. डचांनी कॅथलिकांचा छळ मांडला असताना १६८७ मध्ये गोव्याचे जोसेफ वाझ हे पाद्री तिथे गेले आणि कँडीच्या बौद्ध राजाच्या आश्रयाने आयुष्यभर काम करीत राहिले. २०१५ मध्ये त्यांना कोलंबोत संतपद जाहीर झाले.

इंग्रजांनी डोंगरात आधी कॉफी लावली, १८६९ नंतर तांबेरा रोगाने ती बुडाली आणि चहा आला. या मळ्यांसाठी तमिळनाडूतून मजूर आणले गेले. त्यांचे वंशज म्हणजे डोंगरी तमिळ. उत्तर-पूर्वेतील तमिळांहून त्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि आपल्याकडच्या लिखाणात या दोघांची सरमिसळ होते याचे मला फार वाईट वाटते. १९४८ मध्ये देश स्वतंत्र होताच नागरिकत्वाच्या कायद्याने यांतील बहुसंख्य लोक देशहीन झाले आणि १९६४ च्या करारात त्यांची भारत व सिलोन (श्रीलंकेचे तेव्हाचे नाव) यांत आकड्यांनी वाटणी ठरली. २०१२ च्या जनगणनेनुसार सिंहली सुमारे ७५ टक्के, श्रीलंकन तमिळ ११, मुस्लीम मूर ९ आणि डोंगरी तमिळ ४ टक्के होते. मूर बहुतांशी तमिळ बोलतात, पण स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कोरड्या प्रदेशातले जुने तलाव आणि नवी धरणे यांच्या आधारे वसाहती उभारल्या. दाटीच्या ओल्या भागातील भूमिहीनांना जमीन मिळाली, हे खरेच. पण पूर्वेकडील तमिळांना आणि मुस्लिमांना त्यात आपल्या प्रदेशाचे लोकसंख्येचे प्रमाण बदलताना दिसले. १९५६ च्या 'फक्त सिंहली' भाषा कायद्याच्या वेळी पूर्वेकडील गल ओया धरण प्रकल्पाच्या वसाहतीतच दंगल उसळली. जुलै १९८३ मधील तमिळविरोधी हत्याकांडानंतर युद्ध भडकले. १९८७ ते १९९० भारतीय शांतिसेना तिथे होती, १९९० मध्ये 'तमिळ वाघ' म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी सरकारशी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेने उत्तरेतील मुस्लिमांना हुसकून लावले आणि मे २००९ मध्ये हजारो सामान्य तमिळांच्या मृत्यूसह युद्ध संपले.

२०२२ मध्ये परकीय चलन संपले. त्याआधीच्या वर्षी रासायनिक खतांवर एकाएकी घातलेल्या बंदीने भाताचे पीकही घटले होते. लोक रस्त्यावर आले आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. २०२४ मध्ये अनुर कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि नंतरच्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीने जाफना जिल्ह्यातही सर्वाधिक जागा जिंकल्या, जे सिंहलीबहुल दक्षिणेतील कोणत्याही मोठ्या पक्षाला जमले नव्हते. तिथल्या तमिळ मतदाराची मागणी मात्र जुनीच आहे: लष्कराच्या ताब्यातील जमिनी परत मिळाव्यात आणि १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर स्थापन झालेल्या प्रांतिक परिषदांना जमिनीचे अधिकार प्रत्यक्षात मिळावेत.