पर्यटक यावेत म्हणून शहराने स्वतंत्र चित्रपटांना पैसे द्यावेत का?

द्यावेत. पण शहराची जाहिरातच हवी असेल तर सरळ जाहिरात करून घ्यावी, तिला चित्रपट म्हणू नये.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पणजीसारख्या शहराने पर्यटनाच्या पैशातून लहान, स्वतंत्र दिग्दर्शकांना मदत केली तर पर्यटक खरंच वाढतील का, आणि ती मदत कशी द्यावी. दुसऱ्या प्रश्नाने माझी जुनी जखम उघडली, म्हणून आधी तेच सांगते.

2013 च्या जुलैत मी पणजीजवळच्या मांडवी नदीतल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीवर 38 मिनिटांचा चित्रपट केला. निवृत्तीला आलेल्या एका खलाशाचा शेवटचा आठवडा, एवढीच गोष्ट. पायी जाणाऱ्याला तेव्हा त्या फेरीत तिकीट नव्हतं, त्यामुळे सकाळी सहाला तिथे शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या, दूधवाले, बँकेतला शिपाई सगळे एकाच कठड्याला टेकून उभे असायचे. पलीकडे सलीम अली अभयारण्याची खारफुटी, अलीकडे रायबंदरची कौलारू घरं. पावसाळ्यात मांडवी गढूळ होऊन फुगते आणि फेरी धक्क्याला लागताना खलाशाला दोराचा अंदाज दर खेपेला नव्याने घ्यावा लागतो. मला तो दोर टाकणारा हात दाखवायचा होता. पाऊस नसता तर तो चित्रपटच झाला नसता.

एका कार्यालयाची तेव्हा योजना होती की लहान चित्रपटांना पैसे द्यायचे आणि त्यातून शहर बाहेरच्यांपर्यंत पोचवायचं. मला पाच लाख मंजूर झाले. दोन लाख आधी मिळायचे, उरलेले तीन रफ कट, म्हणजे चित्रपटाची पहिली कच्ची जोडणी, पाहून. आम्ही चौदा जण होतो, शूटिंग अकरा दिवसांचं. कांदोळीला माझ्या बहिणीच्या यजमानांचं गेस्ट हाऊस आहे, युनिट तिथेच उतरवलं. भावोजी जूनपासून खोल्या बंद ठेवायचे, आमच्यासाठी उघडल्या. पहाटे साडेचारला टेंपो निघायचा, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक, साउंडवाल्याच्या डोक्यावर दोन छत्र्या. इंजिनचा आवाज तोडून संवाद टिपायचा म्हणजे काय हाल, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

सप्टेंबरात रफ कट दाखवला. दिवे लागले आणि पहिला प्रश्न आला, "ह्यातूंत बीच खंय आसा?" म्हणजे यात बीच कुठे आहे? दुसरे साहेब म्हणाले, पाऊस फार आहे, लोक घाबरतील. मग तोडगा सुचवण्यात आला. त्यांच्याकडे समुद्राची हवाई दृश्यं तयार होती, त्यातली पंधरा सेकंदांची सुरुवातीला जोडा. मी म्हटलं, माझी गोष्ट जुलैत घडते. जुलैत आमच्या किनाऱ्यावर धोक्याचे लाल बावटे असतात, शॅक म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या उतरवलेल्या असतात, पाणी काळपट असतं. तुमच्या दृश्यात निळाशार समुद्र आणि रंगीत छत्र्या आहेत. हे एकाच आठवड्यात कसं दाखवू? ते म्हणाले, कोण तपासणार आहे?

मी नाही म्हटलं. त्यानंतर फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. कधी उपयोगिता प्रमाणपत्रात तारीख चुकली होती, कधी टेंपोच्या व्हाउचरवर शिक्का नव्हता. मार्च संपला आणि सांगण्यात आलं की निधी परत गेला. पुढची दोन वर्षं मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करून लोकांची देणी फेडली. सर्वांत शेवटी भावोजींच्या खोल्यांचं बिल चुकतं केलं. त्यांनी त्यासाठी एकदाही तगादा लावला नाही, हे मुद्दाम लिहिते.

वाद मात्र त्यांनी सोडलेला नाही. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली जेवणाची पानं वाढली की विषय निघतोच. "पंधरा सेकंदांसाठी तीन लाख सोडलेस," हे एक. "पैसा जनतेचा, देणाऱ्याने त्या बदल्यात काही मागितलं तर चुकलं कुठे?" हे दुसरं. आणि तिसरं, "तुझ्या त्या फेरीमुळे माझी एक तरी खोली भरली का?"

दुसरा मुद्दा वजनाचा आहे, मी तो कधीच उडवून लावला नाही. देणाऱ्याने मागावंच. शूटिंग शहरात करा, इथलेच लोक कामाला घ्या, पैन् पैचा हिशेब द्या, ठरल्या तारखेला चित्रपट हातात द्या. हे सगळं मी दिलं होतं. पण चित्रात काय दिसावं हे पैशाने ठरवलं की बघणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळतं आणि तो पुढे सरकवतो. बार्सिलोनाच्या महापालिकेने आपल्या शहराचं नाव असलेल्या 2008 च्या एका गाजलेल्या चित्रपटाला 10 लाख युरो दिले, वर प्रांतिक सरकारचेही पैसे होते. तिथल्याच लोकांनी टीका केली. मी तो चित्रपट पाहिला. माझ्या मते त्यात प्रवाशाने पाहायची ठिकाणं आहेत, राहणाऱ्यांचं शहर नाही.

उलट आमच्या लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 'पलतडचो मुनीस' बघा. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे जनतेचाच. गोष्ट सीमेवरच्या जंगलातल्या वनरक्षकाची आणि एका वेड्या बाईची, भाषा कोंकणी. 2009 ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. गोव्याचं नाव तिथे समुद्राशिवाय घेतलं गेलं.

आता पर्यटक वाढतात का. वाढतात, पण कोणत्या चित्रपटाने वाढतील हे आधी ठरवता येत नाही. 'दिल चाहता है' 2001 चा, अजूनही पोरं शापोऱ्याच्या किल्ल्यावर त्या तिघांसारखी बसून फोटो काढतात. तो काही गोव्याच्या प्रचारासाठी काढलेला चित्रपट नव्हता. पर्र्याच्या माडांच्या रस्त्यावर 'डिअर जिंदगी'नंतर एवढी गर्दी व्हायला लागली की पंचायतीने फोटो आणि शूटिंगवर शुल्क लावायला काढलं. म्हणून एकाच चित्रपटावर सगळे पैसे लावणं मला मूर्खपणाचं वाटतं. दहा लहान चित्रपटांना द्या, त्यातले आठ कुणी बघणार नाही हे धरून चाला.

आणि खोल्यांचाच हिशेब करायचा तर पूर्ण करू. चौदा माणसं, अकरा रात्री, तेही जुलैत. चित्रपट कुणी बघायच्या आधीच त्या खोल्या भरल्या होत्या. टेंपो म्हापशाचा, जेवण रायबंदरच्या एका बाईंचं, छत्र्या आणि ताडपत्र्या पणजी बाजारातल्या. मंजुरीतले जे दोन लाख मला मिळाले ते जवळजवळ सगळे पंधरा किलोमीटरच्या आत खर्च झाले. पर्यटनाच्या कुठल्या फलकाने पावसाळ्यात एवढं केलंय?

पैसे देताना शेवटचा हप्ता चित्रपट आवडण्यावर ठेवू नका, हिशेब पोचण्यावर ठेवा. निवड करताना संहिता वाचा, प्रश्न विचारा, नको असेल तर तिथेच नकार द्या, पण एकदा होकार दिला की एडिटमध्ये हात घालू नका. निवड समितीत चित्रपट केलेली दोन माणसं तरी असावीत. पैसे जूनच्या आधी हातात पडले पाहिजेत. आणि चित्रपट झाल्यावर तो दाखवायला जागा द्या. नोव्हेंबरात इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, पणजी नटते, 2004 पासून बघतोय, पण उरलेलं वर्ष आमच्या कामाला पडदा मिळवायचा तर पायपीट करावी लागते.

माझं बोलणं एकतर्फी आहे हे खरं. मी याच धंद्यातली आहे आणि माझे तीन लाख बुडालेले आहेत. पैसे घेऊन चित्रपट पुरा न करणारे दिग्दर्शकही मला ठाऊक आहेत, त्यांच्याकडून वसुली झालीच पाहिजे. शिवाय चित्रपट खरोखर चालला तर रायबंदरच्या त्या अरुंद रस्त्यावर गाड्या कुठे लावणार, हे तिथल्या लोकांना आधी विचारायला हवं. पर्र्याला कुणीच विचारलं नव्हतं.

त्या मार्गावर आता रो-रो फेरी, म्हणजे गाड्या थेट आत चढवता येणारी बोट, आली आहे. दोर टाकणारे आमचे खलाशी निवृत्त होऊन घरी बसलेत. गेल्या वर्षी त्यांच्या नातीने माझ्याकडून चित्रपटाची प्रत मागून नेली.

राहिला भावोजींचा तिसरा प्रश्न. ते आता जून ते सप्टेंबर खोल्या उघड्या ठेवतात, पावसाळ्यासाठी वेगळा दर लावतात आणि गेस्ट हाऊसच्या इंटरनेटवरच्या पानावर सर्वांत वर एक फोटो आहे: गढूळ मांडवी, सरी, कठड्याला टेकलेली माणसं. तो आमच्या कॅमेरामनने चौथ्या दिवशी काढला होता. भावोजी, फोटो राहू द्या, पण त्याखाली त्याचं नाव घाला.