टेपची गाठ आपोआप सरकते का?

प्रश्न : दादा, मागच्या रविवारी तैलबैलाच्या कातळभिंतीवर चढाईला गेलो होतो. स्टेशनवर, म्हणजे दोर अडकवायच्या जागी, खडकाला टेप (नायलॉनची चपटी पट्टी) गुंडाळून तिची दोन टोकं जोडायला टेप नॉट मारली होती, दोन्ही शेपट्या म्हणजे गाठीबाहेरची टोकं चांगली चार-चार बोटं सोडलेली. दिवसभर आमची वर-खाली चालू होती आणि संध्याकाळी आवरताना बघतो तर एक शेपूट जेमतेम दोन बोटं! माझी गाठ चुकली का? मित्र म्हणतो दोन्ही टोकं एकत्र धरून साधी गाठ मार, झटपट होते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : गाठ चुकली नाही रे, तिची खोडच ती आहे. नायलॉनची टेप चपटी आणि गुळगुळीत, त्यामुळे वजन आलं-गेलं, आलं-गेलं की शेपूट दरवेळी केसभर आत सरकते. म्हणून दर माणसागणिक एकदा गाठीकडे बघायचं. आणि शेपटीवर चिकटपट्टी अजिबात गुंडाळू नकोस, काय सरकलंय तेच दिसत नाही मग.

टेप नॉट बांधायची ती अशी : एका टोकाला सैल साधी गाठ मार आणि दुसरं टोक, पहिली शेपूट जिथून बाहेर येते तिथूनच आत घालून तिच्याच वाटेने उलटं काढ. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सपाट बसल्या पाहिजेत, मधे पीळ नको, घाईत नेमका तिथेच घोळ होतो. मग चारी पदर एकेक करून ओढ, आणि तयार झालेला फास, म्हणजे स्लिंग, अडकवून त्यात पाय ठेवून दोन-चार उड्या मार, घट्ट बसेल.

मित्राची गाठ मात्र टेपच्या लूपला नकोच. ताण आला की ती टोकांकडे लोळत जाते, प्रत्येक लोळणीत शेपूट खाते आणि शेवटी सुटते.

गाठीऐवजी कारखान्यात टोकं शिवलेली स्लिंग असेल तर ही कटकटच नाही, तिच्यावर २२ केएन (किलोन्यूटन) लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण २२०० किलोचा ताण. गाठीच्या टेपची ताकद गाठीपाशीच अंदाजे तिसरा हिस्सा कमी होते. नायलॉनऐवजी डायनीमा नावाच्या धाग्याची असेल तर शिवलेलीच घे, ती इतकी निसरडी असते की टेप नॉट तिच्यात टिकत नाही. पण आपल्याकडे वेड्यावाकड्या खडकांना आणि झाडांना हवी तेवढी लांब बांधायला सुटी टेपच बरी पडते, फक्त बेसॉल्टच्या धारेखाली जुन्या सॅकचं कापड घाल.

आणि सुळक्यांवर कुणीतरी सोडून गेलेल्या, उन्हाने रंग उडालेल्या टेप असतात ना, त्यांच्यावर दोर लावून खाली उतरू (रॅपल मारू) नकोस, गाठ कितीही झकास दिसली तरी. स्वतःची नवी बांध आणि तिथेच सोडून ये.