तोंड आवळलं म्हणजे वाइन बिघडली?

दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीत सहा रेड वाइन चाखायला देणार आहेत. गाडी मीच चालवणार आहे. काय काळजी घ्यावी? (वाचक, ठाणे)

आधी हिशेब करा. चाखायला एका वेळी साधारण ३० मिली ओततात. सहा झाल्या की १८० मिली, म्हणजे बाटलीचा जवळपास पाव हिस्सा, आणि रेडमध्ये अल्कोहोल १३-१४ टक्के. चालकासाठी १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे, ती एवढ्यात सहज ओलांडली जाते. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. भांडं समोर नसेल तर मागून घ्या (पिकदाणी म्हणा हवं तर). वाइन बनवणारा स्वतः रोज तेच करतो, त्याला वाईट वाटत नाही. तरी थोडी पोटात जातेच, त्यामुळे गाडीला दुसरा माणूस मिळाला तर उत्तम.

जाताना मिसळ नको. तिखटाने तोंड पोळलेलं असताना अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही दुपटीने बोचतात. पान, पेपरमिंट, अत्तर हेही टाळा. मिसळ परतीच्या वाटेवर खावी.

वायनरीच्या मालकांनी थेट लाकडी बॅरलमधून काढून शिराझ (एक रेड वाइन) दिली. हिरड्या, जीभ सगळं आवळून आलं. वाइन कच्ची होती की खराब? (वाचक, पुणे)

कच्ची होती, आणि ती तशीच असायला हवी होती. तोंड आवळतं ते टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट द्रव्यामुळे. जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर होतं तेच हे. बहुतेक द्राक्षांचा रस बिनरंगीच असतो. रेडचा रंग आणि टॅनिन सालीतून उतरतात, म्हणून रस आंबताना सालीबियांसकट आठवडाभर, कधी त्याहून जास्त ठेवतात. साल फसफसून वर येते, तिचा जाड थर होतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा थर सुकतो आणि व्हिनेगरचा वास धरतो.

आता तुरट आणि आंबट यांतला फरक ओळखायचा कसा? घोट थुंकल्यावर दहा सेकंद थांबा. तोंडाला पाणी सुटलं तर आम्ल, जीभ टाळूला घासल्यासारखी कोरडी झाली तर टॅनिन. घशाशी कडवट चव रेंगाळली तर बहुधा हिरव्या बियांचं टॅनिन उतरलंय. पिकलेल्या मण्याची बी तपकिरी असते, दाताखाली कुरकुरते. म्हणून वाइनची द्राक्षं २३-२५ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) वेलीवर ठेवतात. खाण्याची द्राक्षं त्याच्या बऱ्याच आधी उतरवतात. सालीचं टॅनिन बॅरलमध्ये महिनोन्‌महिने राहून मऊ होतं. बियांच्या कडवटपणाचा तेवढा भरवसा नाही.

मालक समोर आहेत तर विचारायचे प्रश्न हेच: साल किती दिवस ठेवली, बॅरल नवं की वापरलेलं, बाटलीत कधी भरणार? साधं बॅरल २२५ लिटरचं, म्हणजे जेमतेम ३०० बाटल्या. छोट्या माणसाकडे अशी मोजकीच बॅरलं असतात आणि प्रत्येकाची चव त्याच्या जिभेवर असते. शक्य असेल तर तीच वाइन स्टीलच्या टाकीतली मागा आणि दोन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखा. लाकडाने काय केलं ते एका घोटात कळतं.

एक गोष्ट मात्र मालकांनाही सांगायला हवी. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी शेडमध्ये ३०-३२ अंशांवर ओतलेली रेड नुसता अल्कोहोलचाच वास मारते. ‘रेड रूम टेंपरेचरला’ हे थंड देशातल्या खोलीबद्दल म्हटलेलं आहे. १६-१८ अंश हवेत. बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली दहा-बारा मिनिटं ठेवली की काम होतं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच. त्याशिवाय बाटलीला सगळीकडून थंडावा लागत नाही.

एका ग्लासाला सडक्या अंड्यासारखा वास आला. बोलावं की गप्प बसावं? (वाचक, नाशिक)

बोला, पण आधी ग्लास पाच मिनिटं चांगला फिरवा. अंड्याचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो, बऱ्याचदा हवेने उडतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास असेल तर तो बुचाचा दोष, कितीही फिरवलं तरी जात नाही. दुसरी बाटली उघडायला सांगा. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर दोष बाटलीपुरता नसतो, अख्ख्या टाकीचा असू शकतो. हे चारचौघांत न बोलता मालकांना बाजूला घेऊन सांगावं.

मे महिन्यात बाटल्या घरी कशा न्याव्यात? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

डिकीत अजिबात नको. उन्हात उभ्या गाडीत वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेने गळते आणि चव मुरंब्यासारखी शिजकी होते. थर्माकोलच्या खोक्यात, पायाशी, एसी सुरू ठेवून न्या. जेवायला थांबलात तर खोकं सोबत आत घ्या. उघडलेली बाटली उरली तर लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर मटणाच्या रश्शात घाला.