बाना देण्याआधी प्रश्न लेखी विचार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतलं तळमजल्याचं जुनं घर तुला पसंत पडलंय आणि बाना, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, द्यायचा विचार चाललाय. थोडं थांब. एकदा बाना हातात पडला की विकणाऱ्याला बोलायची गरज उरत नाही.

1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 55 वाच. घरात किंवा मालकी हक्कात मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो ठाऊक असेल, तुला नसेल आणि साधारण काळजी घेऊनही तुला सापडला नसता, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. लपवला तर ती फसवणूक. पण अटी नीट बघ. उघड दिसणारी भेग त्याने दाखवून द्यावी असं कायदा म्हणत नाही. त्याच कलमात पुढे आहे की घराबद्दल आणि हक्काबद्दल तू जे विचारशील त्याचं माहितीप्रमाणे उत्तर त्याने द्यायचं. म्हणून विचार, आणि लेखी विचार. "काही प्रॉब्लेम नाही हो" हे पुढे सिद्ध कसं करणार?

प्रश्न मोघम नको. "पाणी भरतं का?" याला उत्तर "नाही" असंच येतं. "ऑगस्ट 2024च्या विश्वामित्रीच्या पुरात घरात किती फूट पाणी होतं, किती दिवस राहिलं, नंतर वायरिंग बदललं का?" असं विचार. मग स्वतः बघ: फक्त खालच्या तीन फुटांना ताजा रंग, कपाटाच्या पाठीचा फुगलेला प्लाय, नुकताच वर सरकवलेला स्विचबोर्ड. आणि शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत बघ. तिला कुणी मुद्दाम रंग दिलेला नसतो.

आता कागद. वडोदऱ्यातले बरेच भाग अशांत धाऱ्याखाली, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या घरविक्रीवर बंधनं घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली, आहेत. तिथे कलेक्टरची पूर्वपरवानगी नसेल तर या 1991च्या कायद्याने व्यवहारच रद्दबातल. तुझं घर त्यात येतं का ते आधी काढ. येत असेल तर परवानगी नाकारल्यास बाना परत, हे बानाखतात (बाना देताना होणाऱ्या विक्रीच्या करारात) लिहून घे.

घर वारशाने आलं असेल तर पेढीनामा (वारसांची वंशावळ) माग. वडिलोपार्जित असो वा वडिलांनी स्वतः घेतलेलं आणि मृत्युपत्राविना मागे ठेवलेलं, हिंदू कुटुंबात बहिणींचा वाटा असतोच. "त्यांना काही नकोय" हे भाऊ सांगतो; तुला नोंदणी झालेला हक्कसोड दस्त हवा. नसेल तर बहिणींच्याही सह्या.

मूळ दस्तावेज डोळ्यांनी बघ, झेरॉक्स नको. कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज सब-रजिस्ट्रारच्या शोधात सापडेलच असं नाही, म्हणून 30 वर्षांच्या शोधासोबत वकिलाला सेरसाईचा (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीचा) शोधही घ्यायला सांग. विक्रीच्या तारखेपर्यंतचा घरवेरा (घरपट्टी) विकणाऱ्याचा, पावत्या घे.

रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा, भरवसा इथे धरू नकोस. बांधकामातला दोष ताब्यापासून 5 वर्षांत दिसला तर 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायची जबाबदारी बिल्डरची असते. जुनं घर विकणाऱ्या माणसाची नाही.

शेवटचं, आणि यावरच लोक घसरतात: कलम 55ची ही बंधनं करारात उलट काही ठरलं नसेल तरच लागू. "घर जसं आहे तसं, घेणाऱ्याने सर्व खात्री करून घेतली आहे" ही ओळ छापील बानाखतात सहसा असतेच. ती खोडून दोघांच्या सह्या घे, आणि तुझे प्रश्न व त्याची सही केलेली उत्तरं परिशिष्ट म्हणून जोड. तो खोडायला तयार नसेल तर बाना देऊ नकोस.